भुकेपाशी बसून

पक्ष्यांचा दाणा विकणाऱ्या दुकानात समुद्रफेन मिळतं. पांढरं, लांबट, टोकांना निमुळतं. लव्हबर्ड पाळणारे ते पिंजऱ्याच्या तारेला अडकवून ठेवतात. पक्षी त्यावर चोच घासतात, त्यातला चुना खातात. काष्ठौषधींच्या दुकानातही ते असतं. चंद्रपूरला किंवा आलापल्लीला, समुद्र कधी न पाहिलेल्या घरातही त्याचा एखादा तुकडा सापडू शकतो. असेल तर आज तो हातात घ्या. नसेल तर मनात उभा करा. जमिनीवर बसा, खुर्चीवर बसा, पाठ टेकली तरी चालेल. घाई मात्र बाजूला ठेवा.

आधी वजन बघा. एवढ्या आकाराचं हाड जितकं जड लागेल, त्याच्या जवळपासही हे नाही. नख लावलं की पीठ निघतं. एक बाजू कठीण, दुसरी मऊ आणि बारीक आडव्या रेघांची. त्या रेघा म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ कप्पे आहेत. ज्या जिवाच्या पाठीत हे होतं, तो या कप्प्यांतलं पाणी कमी-जास्त करायचा. पाणी काढून घेतलं की तिथे वायू साठायचा आणि अंग हलकं व्हायचं. पाणी भरलं की जड व्हायचं. एवढ्याच बळावर तो न बुडता, न तरंगता, पाण्यात जिथल्या तिथे थांबून राहायचा.

हे थांबून राहणं लक्षात असू द्या.

तो जीव म्हणजे माकूल. कोकणातल्या बाजारात माकूल म्हणून जे विकतात, त्यातला हा पाठीत समुद्रफेन असणारा प्रकार. हा मासा नव्हे. गोगलगाय आणि शिंपला यांच्या गोत्रातला प्राणी. आठ हात, शिकारीसाठी लपवून ठेवलेल्या दोन लांब सोंडा, तीन हृदयं, तांब्यामुळे निळसर झालेलं रक्त. कातडीतल्या रंगाच्या सूक्ष्म पिशव्या स्नायूंनी ताणून तो क्षणात रंग बदलतो, आणि त्याला स्वतःला मात्र बहुधा एकही रंग दिसत नाही. जगात काही माणसं हा प्राणी घरात काचेच्या टाकीत वाढवतात आणि त्याला रोज आपल्या हातानं भरवतात. आपल्याला आज त्या भरवण्याजवळ जाऊन बसायचं आहे. एका जिवाची भूक दुसऱ्यानं आपल्या दिवसात सामावून घेतली की त्या दोघांमध्ये काय घडतं, ते बघायचं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीपासून समुद्र लांब आहे, पण या मुलुखाचं समुद्राशी जाणं-येणं आहे. चंद्रपुरात झरपट इरईला मिळते, इरई वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते, आणि ते सगळं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. येणं त्याहून जुनं आहे. राजुरा, कोरपना, गडचांदूर या भागातल्या ज्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात, तो दगड सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. तेव्हा माकूल नव्हतं, शिंपला नव्हता, डोळा असलेला एकही जीव नव्हता. तुमच्या हातातलं समुद्रफेन आणि तुमच्या घराच्या भिंतीतलं सिमेंट, दोन्हींच्या मुळाशी समुद्रातला चुना आहे. या विचाराला थोडा वेळ द्या. मग आपण अंड्याकडे जाऊ.

माकुलाची मादी अंडी एकेक करून चिकटवते. पाण्यातल्या फांदीला, दोराला, कोळ्यांच्या जाळ्याला. पुष्कळ झाली की द्राक्षांचा घड लोंबावा तशी ती दिसतात. उबदार समुद्रात दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. शेवटच्या दिवसांत अंड्याचं आवरण ताणून इतकं पातळ होतं की आतून बाहेरचं दिसू लागतं, आणि आतले डोळे तोवर तयार झालेले असतात. फ्रान्समधल्या काँ विद्यापीठातल्या अॅन-सोफी दार्मायाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अंड्यांसमोर खेकडे ठेवले. त्यांच्या प्रयोगातल्या जातीची पिल्लं जन्मल्यावर एरवी झिंग्यांकडे वळतात. या पिल्लांनी खेकडे पसंत केले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

डोळे मिटा आणि त्या अंड्यात जाऊन बसा. तोंडानं अजून काही खाल्लेलं नाही. पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी लागलेली आहे, म्हणून भूकही नाही. समोर मात्र कुणीतरी हलतंय, आणि ते हलणं डोळ्यांतून आत साठतंय. आता तुमच्याकडे या. पहिल्या आठवणीच्याही आधी तुमच्याभोवती कोणतं अन्न होतं? अंगणात वाळत पडलेल्या मोहफुलांचा वास असेल. चुलीवर शिजणारी अंबाडीची भाजी असेल, भाताची पेज असेल. आवडनिवड आपण मोठेपणी ठरवली असं वाटतं. तिच्यातला कितीसा भाग खरोखर आपण ठरवला?

उत्तर शोधत बसू नका. पिल्लू बाहेर आलं आहे, त्याच्याकडे बघा.

बेडकाचं पिल्लू आधी शेपटीचं असतं, फुलपाखराचं आधी अळी. माकुलाचं तसं नसतं. ते नखाएवढं असतं, पण पूर्ण माकूल असतं. हात, सोंडा, शाई, रंग, सगळं जागच्या जागी. उरलेल्या बलकावर पहिले थोडे दिवस निघतात. नंतर त्याला खायला जिवंत, हलणारं, आपल्याहून लहान काहीतरी लागतं. न हलणाऱ्या अन्नाकडे ते बघतसुद्धा नाही. पाळणारा त्याला समुद्रातले मायसिड नावाचे बारीक झिंगे देतो. आर्टेमिया नावाचा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव मिळायला सोपा, त्याची अंडी डब्यात येतात आणि घरी फोडता येतात. पण नुसत्या आर्टेमियावर माकुलाची पिल्लं नीट वाढत नाहीत. म्हणून मायसिड मिळवायचे, तेही जिवंत ठेवायचे, आणि दिवसातून अनेकदा टाकीजवळ बसून कोणत्या पिल्लानं खाल्लं, कोणतं उपाशी राहिलं हे बघायचं. एका भुकेमागे दुसरी भूक आहे: माकूल जगवायचं तर त्याचं अन्नही जगवावं लागतं, आणि त्या अन्नालाही खायला द्यावं लागतं.

आपल्या देशात हे काम केरळातल्या विळिंजमला झालं आहे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या तिथल्या केंद्रात एम. के. अनिल आणि सहकाऱ्यांनी भारतीय किनाऱ्यावर सापडणारं सेपिया फॅरॉनिस जातीचं माकूल बंदिस्त पाण्यात वाढवलं. त्याची वाढ, वागणूक आणि समागम यांची नोंद त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. घरी पाळणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दुसरी जात असते, इंडोनेशिया-फिलिपाइन्सकडची बुटकी सेपिया बॅंडेन्सिस, पूर्ण वाढूनही बोटाएवढ्या अंगाची. प्रयोगशाळेतला माणूस आणि घरातला माणूस यांचे हेतू वेगळे असतात. टाकीसमोरचं बसणं दोघांनाही चुकत नाही.

आता आपण शिकारीकडे येतो. इथे मी तुम्हाला अगदी हळू चालायला सांगणार आहे, कारण प्रत्यक्षात ती इतकी चटकन होते की बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जॉन मेसेंजर या संशोधकानं १९६८ साली माकुलाच्या शिकारीचे तीन टप्पे सांगितले: लक्ष जाणं, जागा घेणं, धरणं. आपण तिन्ही ठिकाणी थांबू.

लक्ष जाणं. पाण्यात एक झिंगा सोडला आहे. माकूल तळाच्या वाळूच्या रंगाचं होऊन पडलेलं आहे; ते तिथे आहे हे तुम्हालाही आत्ताच कळलं. त्याचा डोळा हलतो. इंग्रजी डब्ल्यूसारखी वळणदार, काळी बाहुली असलेला तो डोळा झिंग्यावर येतो. अंगावरून रंगाची एक लाट जाते. पुढचे दोन हात हळूच वर उचलले जातात. बाकी काहीच होत नाही. आपल्याही बाबतीत भूक आणि खाणं यांच्यामध्ये अशी एक जागा असते. बहुतेक वेळा आपण ती न बघता ओलांडतो. आज तिथेच उभे राहा. पोटात काय जाणवतं? तोंडात काय होतं? हात कुठे आहे?

जागा घेणं. माकूल वळतं आणि झिंगा बरोबर समोर येईल असं स्वतःला आणतं. एरवी बाजूंना बघणारे दोन्ही डोळे आता पुढे वळतात. २०२० साली ट्रेव्हर वॉर्डिल आणि सहकाऱ्यांनी माकुलांच्या डोळ्यांवर थ्रीडी सिनेमाचे चष्मे बसवले आणि पडद्यावर झिंग्याचं चित्र दाखवलं. दोन डोळ्यांतली चित्रं सरकवली की झिंगा जवळ किंवा लांब भासायचा, आणि माकूल त्या भासाप्रमाणे पुढे-मागे होऊन जागा घ्यायचं. म्हणजे आपल्यासारखंच तेही दोन डोळ्यांच्या मेळातून अंतर जोखतं. आपला आणि त्याचा वंश पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळा झाला. दोघांनी डोळा आपापला घडवला, आणि दोघेही अन्न किती लांब आहे हे एकाच युक्तीनं शोधतात. हे समजलं तेव्हा मी वाचन बाजूला ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो.

धरणं. दोन सोंडा पुढे जातात, झिंगा तोंडाशी येतो. पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळ. आठ हात मिटतात. आत पोपटासारखी चोच आहे. पाण्यात पुन्हा हालचाल उरत नाही.

आता जागा बदलायची आहे. हा भाग अवघड आहे, आणि मनन म्हणून बसलो आहोत तर तो टाळून चालणार नाही. झिंग्याच्या बाजूला या.

ताडोबात वाघ चितळामागे जातो तेव्हा चितळाजवळही पुष्कळ काही असतं. वारा असतो, कान असतात, झाडावर ओरडून सावध करणारं वानर असतं, पळायला रान असतं. वाघाच्या बहुतेक धावा फुकट जातात. त्या दोघांमध्ये तिसरं कुणी नसतं, आणि जिप्सीत बसलेले आपण नुसते बघे असतो. टाकीत सोडलेल्या झिंग्याजवळ यातलं काही नसतं. चार बाजूंना काच, आणि एक हात, जो त्याला तिथे घेऊन आला. त्या शिकारीत हाताचाही वाटा आहे. कोणता झिंगा, किती वाजता, किती, हे हातानं ठरवलं आहे. भरवणाऱ्याला स्वतःला निव्वळ दयाळू म्हणवून घेता येत नाही. एकाला जगवण्यासाठी त्यानं दुसऱ्याला उचललेलं आहे.

याचं ओझं नको तितकं वाढवू नका, आणि हलकंही करू नका. आपल्याकडे बाजारात जिवंत खेकडे बांधून येतात, टोपलीत मरळ तडफडत असते, धानाच्या बांधीत मुलं झिंगे धरतात. अन्न जिवंत असतं हे या जिल्ह्यांतल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मला एवढंच वाटतं की ज्याच्या हातून एक भूक भागते, त्यानं दुसऱ्या बाजूलाही तेवढाच वेळ बसावं. जेवढा वेळ माकुलाबरोबर बसलात, तेवढाच झिंग्याबरोबर बसा. त्याच्या पारदर्शक अंगातून आतलं दिसतं. मिशा पाण्यात काहीतरी चाचपत असतात. तोही काही खायला शोधतो आहे.

आता भुकेलेल्याच्या थांबण्याकडे येऊ.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे सागरी जीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. तिथे अलेक्झांड्रा श्नेल यांनी सहा माकुलांना दोन कप्प्यांतून खाणं दाखवलं. एका कप्प्याचं दार लगेच उघडायचं. आत कोळंबीचा कच्चा तुकडा, चालेल असा, पण फार आवडीचा नव्हे. दुसऱ्याचं दार उशिरा उघडायचं. आत जिवंत झिंगा, सर्वात आवडता. पहिल्याला तोंड लावलं की दुसरा मिळणार नाही. माकुलं थांबली. काही पन्नास सेकंदांपर्यंत, काही एकशे तीसपर्यंत. थांबताना काहींनी लगेच मिळणाऱ्या खाण्याकडे पाठ फिरवली. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी पोलिन बिलार यांनी दाखवलं होतं की रात्री झिंगे नक्की मिळणार हे कळलेली माकुलं दिवसा खेकडे कमी खातात. झिंगे कधी मिळतील, कधी नाही, असं केलं की ती पुन्हा दिवसा पोटभर खेकडे खातात.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. अन्न देणाऱ्या हातावर भरवसा असेल तर भूक थांबू शकते. भरवसा मोडला की मिळेल ते, मिळेल तेव्हा. ज्या घरात उद्याच्या धान्याची खात्री नसते तिथलं खाणं आणि जिथे कोठी भरलेली असते तिथलं खाणं यांत फरक असतो, आणि आपण तो पुष्कळदा माणसाच्या स्वभावावर ढकलतो. गडचिरोलीच्या आतल्या गावांत पावसाळ्यात नाले भरून वाट तुटते तेव्हाची चूल आठवा, किंवा ऐकलेली असेल तर ती मनात आणा. मी यावर अधिक बोलत नाही. तुम्ही मात्र इथे थोडं जास्त थांबा.

एकशे तीस सेकंद म्हणजे किती, ते आत्ता अनुभवता येईल. जवळ काही खायला असेल तर समोर ठेवा आणि दोन मिनिटं दहा सेकंद नुसतं बघा. पाठ फिरवाविशी वाटली तर फिरवा.

पाळणाराही थांबायला शिकतो. जिवंत झिंगे रोज मिळवणं कठीण, म्हणून तो वाढत्या माकुलाला गोठवलेल्या कोळंबीची सवय लावतो. मेलेली कोळंबी हलत नाही, आणि न हलणारं ते खात नाही. मग कोळंबी काडीच्या टोकाला लावून पाण्यात हळूहळू हलवायची, मेलेल्याला जिवंतपणाची चाल द्यायची. माकूल येतं, बघतं, रंग बदलतं, मागे जातं. पुन्हा येतं. हात दुखायला लागतो. एखाद्या दिवशी सोंडा सुटतात आणि काडीला हिसका बसतो. असं करत करत पुष्कळ माकुलं पाळणाऱ्याला ओळखू लागतात. माणूस खोलीत आला की काचेजवळ येतात. ती माणसाकडे येतात की कोळंबीकडे, हे विचारता येईल. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटत नाहीत. लहान मूलही आईकडे येतं तेव्हा त्यांतलं एक सोडून दुसऱ्याकडे येत नसतं.

चंद्रपुरात माकूल पाळावं का? माझं मत स्पष्ट आहे. पाळू नये. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार, आणि ते प्रमाण दिवसेंदिवस जागेवर राहायला हवं. माकूल पुष्कळ खातं आणि पाणी लवकर खराब करतं. घाबरून त्यानं शाई सोडली आणि पाणी वेळेवर बदललं नाही तर त्याच शाईत ते गुदमरू शकतं. ज्याचं रक्तच तांब्यावर चालतं, त्याला पाण्यात विरघळलेलं थोडं तांबंही मारतं. आणि मे महिन्यात इथे पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो, तर त्याला लागतं पंचविसाच्या आसपासचं पाणी. शहराच्या उशाला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र असलं तरी भर उन्हाळ्यात वीज गेली की काही तासांत टाकी संपली. ज्याची भूक आपण रोज, न चुकता सांभाळू शकणार नाही, त्याला घरी आणू नये.

अशी भूक ज्यांनी सांभाळली, त्यांचं घर याच मुलुखात आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले ते माणसांना औषध द्यायला. जंगलातून शिकार घेऊन परतणाऱ्या माडिया लोकांजवळ प्रकाशभाऊंना एक मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू दिसलं. शिकार भुकेपोटी होती. पिल्लूही खाल्लं जाणार होतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि बदल्यात धान्य दिलं. पुढे शिकारीत आई मेलेली पिल्लं लोक त्यांच्याकडे आणून देऊ लागले: अस्वलं, हरणं, बिबटे. त्यातल्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं.

या प्रसंगात मला प्राणिप्रेमाच्याही आधी ते धान्य दिसतं. पिल्लू वाचवायचं तर ज्याच्या हातात ते होतं त्याच्या घरची भूकही मोजावी लागली. एका भुकेचा मोबदला दुसऱ्या भुकेला. पिल्लू घेताना त्या माणसाला उपदेश करून रिकाम्या हाती पाठवता आलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी काही आणून दिलं नसतं. हेमलकशाला बिबट्या वाढला तो या देवाणघेवाणीवर. त्या प्रसंगातल्या चौघांना एकदा डोळ्यांसमोर आणा: शिकारी, डॉक्टर, पिल्लू, आणि शिकाऱ्याच्या घरी वाट बघणारं कुणी. प्रत्येकाच्या पोटाजवळ थोडं थोडं थांबा.

आणि पाण्यातलंच काही बघायचं असेल तर पावसाळ्यात मामा तलावाच्या काठी जा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हे माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. काठाच्या गवतात मरळ जागा साफ करते, तिची अंडी पाण्यावर तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात. मग तांबूस पिल्लांचा दाट थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरू लागतो आणि खाली आई-बाप राखण करतात. मरळ एरवी पक्की शिकारी आहे. बेडूक, लहान मासे, हलणारं काहीही. त्या दिवसांत तिच्या तोंडासमोरून शेकडो हलणारे घास फिरत असतात, आणि ते ती राखते. ढीवरांना तो थवा लांबून ओळखता येतो. त्यांच्यापैकी कुणी बरोबर असेल तर तुम्हालाही दाखवेल. तिथे बसून बघता आलं तर काचेच्या टाकीची उणीव राहणार नाही.

एक गोष्ट उरली आहे.

माकूल फार जगत नाही. बुटकी जात वर्षभर, मोठ्या जाती दीड-दोन वर्षं. अंडी घालून झाली की मादीचं आयुष्य उतरणीला लागतं, नराचंही समागमानंतर तसंच. कातडीवर पांढरे डाग पडतात, रंग पूर्वीसारखे जमत नाहीत, नजर धूसर होते, पोहण्याची दिशा चुकते. आणि खाणं सुटतं. श्नेल यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असं आढळलं की म्हाताऱ्या माकुलांनाही काय खाल्लं, कुठे आणि कधी, हे तरुणांइतकंच नीट आठवतं. शरीर सुटत जातं तरी जेवणाची आठवण टिकते.

पाळणारा तेव्हा काय करतो, ते बघा. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं की हे वर्षभराचं आहे. तरीही तो ठरलेल्या वेळी टाकीजवळ येतो. काडीला कोळंबी लावतो, तोंडाजवळ नेतो, हलवतो. माकूल हात उचलतं, थोडं पुढे येतं आणि तिथेच राहतं. सोंडा सुटत नाहीत. तो काडी अजून जवळ नेतो, अजून हळू हलवतो. काही जण लहानपणी दिला होता तसा जिवंत झिंगाही पुन्हा एकदा सोडून बघतात. न घेतलेलं अन्न तो लगेच बाहेर काढतो, कारण ते सडलं तर पाणी बिघडेल आणि उरलेले दिवस त्रासात जातील. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. जबरदस्ती करता येत नाही. सोडूनही देता येत नाही.

आपल्या घरांतही हे होतं. म्हातारं माणूस ताटाकडे बघतं, एक घास घेतं, बाजूला सारतं. आपण म्हणतो, दोनच घास. मग म्हणतो, औषध घ्यायचंय ना, पोटात काहीतरी हवं. मग आवडीचं काही करून आणतो. त्यांना आवडायचं ते आपल्याला आठवत असतं, त्यांनाही आठवत असतं, आणि तरी हात वर येत नाही. ज्यानं भरवलं त्याला ते 'नको' ऐकणं सर्वात जड जातं.

तुम्ही ज्याला भरवलं आहे, किंवा आज भरवत आहात, त्याला मनासमोर आणा. माणूस असो, वासरू असो, कुत्रा असो. त्याची पहिली भूक आठवते का बघा: तेव्हा किती वेळा उठावं लागलं, काय नाकारलं, कोणत्या दिवशी पहिल्यांदा आपणहून घेतलं. मग आजच्या ताटाशी या. आज तो किती खातो? खाताना तुम्ही तिथे असता का? आणि त्यानं तोंड फिरवलं, तर पुढे केलेला हात तुम्ही किती वेळ तसाच ठेवता?